ताऱ्यांचे वारे आणि कुंभाराचे गाढव

मंडळी, आधी एक कबुली. मोठे तारे वारा सोडतात, त्याने भोवतालचा वायूचा ढग दाबला जातो आणि दाबलेल्या ढगातून नवे तारे जन्मतात, असं आम्ही वर्गात वर्षानुवर्षं बेधडक सांगत आलो. यातलं पहिलं पक्कं आहे. शेवटच्याबद्दल आज बोलायचं आहे.

पहिलं पक्कं व्हायलाही शंभर वर्षं लागली. १८६७ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत वुल्फ आणि राये यांना हंस तारकासमूहात तीन विचित्र तारे सापडले. एरवी वर्णपटात बारीक काळ्या रेघा दिसायच्या, यांच्यात रुंद, झगझगीत पट्टे! १९२९ मध्ये कॅनडातल्या कार्लाइल बील्स यांनी अर्थ लावला: ताऱ्यातून द्रव्य प्रचंड वेगाने चहूकडे फेकलं जातंय, काही आपल्याकडे, काही उलट दिशेला, म्हणून रेघा फाकतात. पण हे मूठभर विक्षिप्त ताऱ्यांचं लक्षण मानलं गेलं. मग १९६५ साली डोनाल्ड मॉर्टन यांनी रॉकेट वर पाठवून मृगाच्या बाणातल्या ताऱ्यांचा अतिनील वर्णपट घेतला. जमिनीवरून तो मिळत नाही, वातावरण आड येतं. तिथेही वारा निघाला, सेकंदाला हजार किलोमीटरांहून वेगवान. लहानपणापासून पाहत आलो ते तीन शांत तारे असे उधळत होते.

आता पुढचा दुवा. मृगातले तरुण तारे गटागटाने आहेत आणि गटांची वयं वेगवेगळी आहेत, हे आद्रियान ब्लाऊ यांनी १९६४ मध्ये मांडलं होतं. १९७७ मध्ये एल्मग्रीन आणि लाडा यांनी त्यातून साखळी जुळवली: एका गटातल्या उष्ण ताऱ्यांच्या प्रकाशाने वायू तापून फुगतो, पुढचा ढग दाबतो, तिथे दुसरा गट जन्मतो. (वारा आणि प्रकाश हे दोन वेगळे रेटे, आम्ही वर्गात त्यांची सरमिसळ करायचो, तेही चूकच.) कल्पना इतकी देखणी, की लगेच पटली.

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने खरं तर इथेच थबकायला हवं होतं. घडा होण्याआधी माती होती, चाक होतं, कुंभार होता आणि माती वाहून आणणारं गाढवही होतं. न्यायशास्त्र गाढवाला कारण मानत नाही. ते ‘अन्यथासिद्ध’, माती कशीही आली असती, घडा झालाच असता. मग वारा कोण, कुंभार की गाढव? शेजारी म्हातारे तारे, पलीकडे तान्हे तारे, एवढ्यावरून हे ठरत नाही.

आकाशातून वारा काढून टाकून पाहता येत नाही. संगणकावर येतो. जेम्स डेल आणि सहकाऱ्यांनी एकच ढग दोनदा चालवला: एकदा ताऱ्यांच्या माऱ्यासह, एकदा त्याविना. ढगाच्या कडेला दिसणारे कितीतरी तान्हे तारे माऱ्याविनाही जन्मलेच असते असं दिसलं; काही खरोखर त्यामुळेच झाले, पण ताऱ्यांमध्ये रूपांतरित झालेला एकूण वायू घटला.

आणि २०१९ मध्ये कॉर्नेलिया पाब्स्ट यांच्या गटाने विमानातल्या दुर्बिणीतून मृगाचाच तेजोमेघ तपासला. तिथल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या वाऱ्याने सुमारे तेरा प्रकाशवर्षं रुंदीचा बुडबुडा फुगवलाय. त्याचं कवच सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने पसरतंय आणि ज्या वायूतून तारे व्हायचे तोच झाडून नेतंय.

आमचे जुने विद्यार्थी ऐकत असतील, तर वहीतल्या त्या शेवटच्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह घाला.