आर्पानेट : पहिली जोडणी

आर्पानेट : पहिली जोडणी. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेने उभारलेल्या आर्पानेट ह्या जाळ्यास पहिले संगणक १९६९ मध्ये जोडण्यात आले. त्या जोडणीतील खरी अडचण शेकडो किलोमीटर लांबीच्या तारमार्गात नव्हती; ती संगणक आणि त्याच्या शेजारी ठेवलेले यंत्र यांमधील काही मीटर केबलमध्ये होती.

त्या काळी निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांत कोणताच मेळ नसे. लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सिग्मा-७ या संगणकाचा शब्द ३२ बिटांचा, तर मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या एसडीएस-९४० चा २४ बिटांचा होता. म्हणून प्रत्येक संगणकाशेजारी ‘इम्प’ हे एकाच नमुन्याचे संदेशवाहक यंत्र बसविण्याचे ठरले. केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील बोल्ट बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने ते हनीवेल डीडीपी-५१६ या १६ बिटांच्या संगणकापासून तयार केले.

संगणक व इम्प यांच्यामधील जोडणीचे नियम ‘अहवाल १८२२’ मध्ये दिले होते. त्यानुसार संदेश एकेक बिट करून जाई. घेणारा ‘पुढचा बिट येऊ द्या’ अशी खूण करी आणि मगच देणारा तो पाठवी. त्यामुळे दोन्ही यंत्रांचा वेग सारखा असण्याची गरज उरली नाही. शब्दांच्या लांबीतील तफावतही सोप्या युक्तीने भागविली गेली : संदेशाच्या शेवटी इम्प १ हा अंक व त्यापुढे आवश्यक तितकी शून्ये जोडी, म्हणजे मूळ मजकूर कोठे संपला ते कळे. यंत्र नव्याने सुरू झाल्यावर आरंभीचे संदेश गहाळ होण्याचा संभव असे. यास्तव नियमपुस्तिकेच्या पुढील आवृत्त्यांत प्रथम काही निरर्थक संदेश पाठवावेत, अशी सूचना आढळते.

इम्पची बाजू कंपनीने सांभाळली, तरी संगणकाकडील मंडल व कार्यक्रम ज्या त्या संस्थेलाच करावे लागले. लॉस अँजेल्समध्ये हे काम मुख्यतः विद्यार्थ्यांवर पडले. मंडल माइक विंगफील्ड याने तयार केले. पहिला इम्प ऑगस्टअखेर तेथे पोहोचला आणि २ सप्टेंबर १९६९ रोजी सिग्मा-७ व इम्प यांच्यात बिटांची देवघेव झाली. ही घटना पुढे काहीशी झाकोळली गेली, कारण लोकांच्या स्मरणात राहिली ती २९ ऑक्टोबरची रात्र. त्या रात्री चार्ली क्लाइन याने लॉस अँजेल्सहून ‘लॉगिन’ हा इंग्रजी शब्द पाठविण्यास आरंभ केला. मेन्लो पार्क येथे बिल डुव्हॉल होता. ‘एल’ व ‘ओ’ ही अक्षरे पोहोचली आणि तेथील प्रणाली कोलमडली. दोष दूर करून सु. तासाभराने प्रयत्न यशस्वी झाला. वर्षअखेरपर्यंत सँता बार्बरा व यूटा येथील इम्पही जाळ्यात आले.

आर्पानेट १९९० मध्ये बंद झाले. पहिला इम्प लॉस अँजेल्सच्या विद्यापीठात जतन करण्यात आला आहे.