डॅनियलच्या पायऱ्या

मी लोणारचा. विवराच्या काठावर उभं राहून पलीकडचा काठ शोधायची सवय लहानपणापासूनची. बव्हेरियातल्या न्योर्डलिंगेनला गेलो, तेव्हा नजर आपोआप तशीच फिरली.

सेंट जॉर्ज चर्चचा मनोरा ९० मीटर उंच. गावकरी त्याला ‘डॅनियल’ म्हणतात. ३५० पायऱ्या चढून वर आलो, तर खाली लाल कौलांचं गोल गाव, त्याला वेढणारी गोल तटबंदी आणि दूर टेकड्यांची निळसर कड. ती कड म्हणजे विवराचा काठ! लोणारचं विवर जेमतेम १.८ किलोमीटर रुंद, हे सुमारे २४. दीड कोटी वर्षांपूर्वी इथे उल्का आदळली.

मी मनोऱ्याच्या भिंतीवर हात ठेवला. करडा, खडबडीत दगड. हा सुएव्हाइट त्याच आघातात वितळून, चिरडून घडलेला. १४२७ साली चर्चचं काम सुरू करणाऱ्या पाथरवटांना तो फक्त जवळच्या खाणीतला दगड होता. पुढेही लोक या खोलगट भागाला ज्वालामुखीचं काम समजत. लोणारबद्दलही असाच समज होता. १९६० मध्ये भूवैज्ञानिक शूमेकर आणि चाओ यांना इथल्या खडकात प्रचंड दाबाखाली बनणारं कोएसाइट हे खनिज सापडलं, तेव्हा हे काम उल्केचं असल्याचं सिद्ध झालं.

तटबंदीवरून छपराखालच्या वाटेनं अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालता येते. दरवाजे पाच. मी संध्याकाळी चाललो आणि रात्री दहाला चौकात थांबलो. डॅनियलवरून पहारेकऱ्यानं हाक दिली, शतकानुशतकं देत आलेत तशी. अर्ध्या तासानं पुन्हा. मी तिसऱ्या हाकेपर्यंत थांबलो.