नोकरी सोडली, यंत्र नाही

१९७९ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावी चार प्रोग्रॅमर आपल्या बड्या साहेबांना भेटायला गेले. डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन. कंपनी अटारी, साहेब रे कसार. मागणी तशी साधी होती. आम्ही बनवलेल्या खेळाच्या खोक्यावर आमचं नाव छापा आणि विक्रीतला थोडा वाटा द्या, पुस्तक लिहिणाऱ्याला मिळतो तसा. भेट फसली. त्या फसलेल्या भेटीतून पुढे एक अख्खा धंदा जन्माला आला, आणि ४२ वर्षांनी त्याच चौघांतला एकजण त्याच जुन्या यंत्रासाठी नवा खेळ घेऊन पुन्हा बाजारात उतरला. ही त्या मधल्या ४२ वर्षांची गोष्ट.

आपल्याकडे व्हिडिओ गेम म्हटलं की बहुतेकांना नव्वदीतला मारिओ आठवतो. अटारीचं यंत्र त्याच्याही आधीचं, सप्टेंबर १९७७ चं. टीव्हीला जोडायचा लाकडी नक्षीचा डबा, त्यात कार्ट्रिज खुपसायची, खेळ बदलायचा असेल तर कार्ट्रिज बदलायची. पुढे हे यंत्र '२६००' या नावानं प्रसिद्ध झालं आणि जवळपास तीन कोटी विकलं गेलं.

आता या डब्याच्या पोटात काय होतं ते जरा बघू, कारण त्याशिवाय पुढची भानगड कळणार नाही. प्रोसेसर १.१९ मेगाहर्ट्‌झचा. खेळ चालू असताना वापरायची मेमरी एकूण १२८ बाइट. किलोबाइट नाही, बाइट! तुम्ही आत्ता जी देवनागरी वाचताय तिचं एकेक चिन्ह संगणकात साठवायला सहसा ३ बाइट लागतात. म्हणजे त्या सगळ्या मेमरीत जेमतेम ४२ चिन्हं मावतील. एक धड वाक्यसुद्धा नाही.

इतक्या मेमरीत टीव्हीच्या पडद्यावरचं पूर्ण चित्र साठवणं शक्यच नव्हतं. मग चित्र दिसायचं कसं? जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ रंगवत वरून खाली यायचा, सेकंदाला ६० वेळा. प्रोग्रॅमरनं त्या झोताच्या बरोबरीनं धावायचं. एक ओळ रंगेपर्यंत प्रोसेसरचे ७६ ठोके पडत, तेवढ्यात साधारण वीस-पंचवीस सूचना उरकायच्या, की लगेच पुढची ओळ. पंगतीत वाढप्या न थांबता पुढे सरकतोय आणि तुम्ही स्वयंपाकघरातून प्रत्येक पानाचा पदार्थ ऐन वेळेला त्याच्या हातात देताय, असं समजा. एक पान चुकलं की पुढची सगळी पंगत बिघडली.

शिवाय हे यंत्र मुळात टेनिससारखे आणि रणगाड्यांचे खेळ डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलं. दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू. खेळाडूची आकृती एका ओळीत तीनदा उमटवता यायची, म्हणजे दोघांच्या मिळून फार तर सहा. आणि बुद्धिबळाच्या पटावर एका रांगेत तर आठ मोहरी! व्हाइटहेड यांनी यावर तोड काढली. एका ओळीत चार मोहऱ्यांचे तुकडे काढायचे, खालच्या ओळीत उरलेल्या चारांचे, पुन्हा वरचे चार. लांबून बघणाऱ्याला आठही मोहरी दिसतात, झडपांच्या खिडकीतून दिसावीत तशी. ही युक्ती यंत्र बनवणाऱ्यांनी योजलेली नव्हती. ती व्हाइटहेड यांना सुचली.

माझ्या मते या गोष्टीची मेख इथेच आहे. अटारीकडे यंत्राचा आराखडा होता, कारखाना होता, जाहिरातीचा पैसा होता. पण त्या यंत्राकडून काय काय करून घेता येईल हे ज्ञान चार-सहा डोक्यांत होतं. आणि डोकी संध्याकाळी घरी जातात.

अटारी १९७६ साली वॉर्नर या बड्या कंपनीनं विकत घेतली होती. कसार आले ते कापडधंद्यातून. क्रेन यांनी नंतर अनेकदा सांगितलेली हकिगत अशी: विक्री विभागानं एक कागद फिरवला, कोणता खेळ किती खपला याचा. उद्देश हा, की अशाच प्रकारचे खेळ अजून बनवा. या चौघांनी बेरीज केली, तर १९७८ च्या कार्ट्रिज-विक्रीतला सुमारे ६० टक्के भाग त्यांच्याच खेळांचा निघाला. पगार ठरलेले, वाटा शून्य, नाव कुठेच नाही. कसारांचं उत्तर, क्रेन सांगतात त्याप्रमाणे, असं होतं की खेळ खपण्यात तुमचा वाटा कारखान्यात कार्ट्रिज जुळवणाऱ्या माणसापेक्षा जास्त नाही.

कसारांची बाजूही थोडी समजून घेऊ. नाव छापलं की प्रतिस्पर्ध्याला कळणार कोणाला पळवायचं ते. आणि कार्ट्रिज जुळवणाऱ्याचे कष्ट खोटे होते असंही नाही. पण नाव लपवून माणूस टिकत नाही, हे त्यांना उमगलं नाही. आपल्याकडे रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. गड कोणाचा याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही, तरी बांधणाऱ्याचं नाव तिथे आहे. तेवढीच जागा या मंडळींना हवी होती. ती मिळाली नाही तेव्हा वॉरेन रॉबिनेट या अटारीतल्याच प्रोग्रॅमरनं 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली करून तिच्यात स्वतःचं नाव लिहून ठेवलं आणि कुणाला पत्ता न लागू देता नोकरी सोडली. १९८० साली एका मुलाला ती खोली सापडली, त्यानं कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा साहेबांना कळलं.

चौघांनीही राजीनामे दिले. इथे अमेरिकेत इंजिनिअर नोकरीला लागताना एका लांबलचक कागदावर सही करतो: इथे लावलेले शोध कंपनीचे, इथली गुपितं कंपनीची. बऱ्याच राज्यांत नोकरी सोडल्यावर काही काळ प्रतिस्पर्ध्याकडे काम करू नये अशीही अट घालता येते. कॅलिफोर्नियात मात्र १८७२ पासूनच्या कायद्यानुसार ही अट चालत नाही. गुपितं चोरू नका, पण तुमचं कसब घेऊन खुशाल समोरच्या गल्लीत दुकान थाटा. १९५७ साली शॉकलींच्या प्रयोगशाळेतून आठजण असेच एकदम बाहेर पडले होते आणि त्यातून सिलिकॉन व्हॅलीची वंशवेल वाढली.

१ ऑक्टोबर १९७९ रोजी, संगीताच्या धंद्यातून आलेल्या जिम लेव्ही यांना बरोबर घेऊन, ॲक्टिव्हिजन सुरू झाली. या कंपनीनं स्वतःचं यंत्र बनवलंच नाही. खेळ बनवायचे ते अटारीच्याच यंत्रासाठी! यंत्र एकाचं आणि खेळ तिसऱ्याच कंपनीचे, ही आज सर्रास दिसणारी व्यवस्था तेव्हा कुणी केलेली नव्हती. १९८० साली पहिले चार खेळ आले. खेळ लिहिणाऱ्याचं नाव खोक्यावर, माहितीपुस्तिकेत त्याचा फोटो आणि खेळाडूंना चार सूचना. अटारीनं दावा लावला. १९८२ साली तडजोड झाली: ॲक्टिव्हिजननं रॉयल्टी द्यायची आणि धंदा चालू ठेवायचा. आज फोनवरची ॲप-दुकानं प्रत्येक विक्रीतून जो वाटा कापून घेतात, तो याच रॉयल्टीचा नातू म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षी क्रेन यांचा 'पिटफॉल' आला. जंगलातून धावणारा एक माणूस आणि २५५ वेगवेगळी दृश्यं, सगळं मिळून ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये. ही दृश्यं साठवलेली नव्हतीच. एका आकड्यापासून पुढचा आकडा काढायचं छोटंसं सूत्र होतं, त्या आकड्याच्या बिट्सवरून झाडं, खड्डे, मगरी ठरत. सूत्र उलटंही चालवता यायचं, म्हणून मागे फिरलं की आधीचंच जंगल भेटे. या खेळाच्या चाळीस लाखांहून जास्त प्रती खपल्या.

पण स्वातंत्र्याचं लोण पसरलं की सगळेच क्रेन नसतात. अटारीतून आणखी लोक फुटले. रॉब फुलॉप यांनी एक गाजलेला खेळ २६०० वर आणला, तेव्हा बक्षीस म्हणून टर्की कोंबडीचं कूपन मिळालं असं ते सांगतात. तेही दुसऱ्या कंपनीत सामील झाले. मग ज्यांना यंत्र कळत नव्हतं असेही धंद्यात घुसले. दुकानं रद्दड कार्ट्रिजनी भरली आणि १९८३ साली बाजार कोसळला. अटारीचा त्या वर्षीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर होता. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या निन्टेन्डोनं यातून धडा घेतला आणि आपल्या यंत्राला कुलूप घातलं. खास चिप असल्याशिवाय कार्ट्रिज चालणारच नाही. चौघांनी उघडलेलं दार पुन्हा लागलं, या वेळी किल्लीसकट.

क्रेन १९८६ साली ॲक्टिव्हिजनमधूनही बाहेर पडले आणि गॅरी किचन यांच्याबरोबर ॲब्सोल्यूट या नव्या कंपनीत आले. किचन यांनी तर अटारीत कधी काम न करता ते यंत्र बाहेरूनच उलगडून शिकून घेतलं होतं. आणि १९८७ साली क्रेन यांनी काय बनवावं? पुन्हा २६०० साठी 'स्केट बोर्डिन' नावाचा खेळ! यंत्र तोवर दहा वर्षांचं म्हातारं झालं होतं. ॲब्सोल्यूट १९९५ साली बंद पडली, २६०० चं उत्पादन त्याआधीच १९९२ च्या सुरुवातीला थांबलं होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण २०२१ साली क्रेन, गॅरी किचन आणि त्यांचे भाऊ डॅन किचन यांनी ऑडॅसिटी गेम्स ही कंपनी काढली आणि 'सर्कस कॉन्व्हॉय' हा नवा खेळ आणला. अटारी २६०० साठी, खऱ्याखुऱ्या कार्ट्रिजवर, खोक्यासकट. ॲक्टिव्हिजनच्या काळात जास्त गुण मिळवणारे टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून टपालानं पाठवत आणि कंपनी त्यांना कापडी बिल्ला पाठवी. आता तेच १९७७ चं यंत्र पडद्यावर क्यूआर कोड काढतं आणि खेळाडू तो फोननं टिपून आपले गुण नोंदवतो. ७६ ठोक्यांची ओळ तीच, १२८ बाइट तेच.

याला निव्वळ जुन्या आठवणींचा उमाळा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. इंजिनिअरच्या आयुष्यात यंत्रं भराभर बदलतात. एखादं नीट हाताखाली येतंय तोवर ते मोडीत निघतं आणि पुन्हा श्रीगणेशा. एकाच यंत्राशी चाळीस वर्षं झटायला मिळणं, सतारियाला त्याची सतार मिळावी तसं, हे भाग्य आमच्या धंद्यात फार थोड्यांच्या वाट्याला येतं. १९७९ साली त्यांनी जे मागितलं ते नाव आणि पैसा होतं, आणि ते रास्तच होतं. पण नाव आणि पैसा मिळून कित्येक वर्षं लोटल्यावरही ते या डब्याकडे परत आले, ते कामासाठी.

जाता जाता एक गंमत. या मंडळींत असं सांगतात, की फोनबुकात वर यावं म्हणून नावं निवडली गेली. इंग्रजीत अटारी 'ए-टी'नं सुरू होतं, म्हणून ॲक्टिव्हिजन 'ए-सी-टी'. मिलर आणि व्हाइटहेड यांनी १९८४ साली वेगळी चूल मांडली ती ॲकोलेड, 'ए-सी-सी'. मग ॲब्सोल्यूट, 'ए-बी'. प्रत्येक वेळी आधीच्याच्या पुढे एक पाऊल. आणि ऑडॅसिटी? ती 'ए-यू'. यादीत सगळ्यांच्या मागे, अटारीच्याही खाली.