टपावरचं वझं

आमच्या कोलशेतात वझं कुठं ठेवावं, हे कुणाला शिकवावं लागत नसे. गाव खाडीच्या काठाला, पलीकडं काल्हेर-कशेळी, मधे रेतीच्या होड्या. भरलेली होडी काठापर्यंत पाण्यात बुडालेली असे, तरी सरळ चाले. रिकामी मात्र वाऱ्याबरोबर नाचे. म्हणून रिकाम्या गलबताच्या तळाशी दगड-रेती टाकत, त्याला नीरम म्हणत. बैलगाडीचंही तसंच. माल पुढं जास्त झाला की गाडी धुरजड, जू बैलांच्या मानेवर रुतायचं. मागं जास्त झाला की उलाळ, जू वर उचललं जाऊन बैलांचा गळा आवळायचा. दोन शब्दांत सगळं शास्त्र.

मग मोटार आली आणि वझं डोक्यावर चढलं.

मोटार म्हणजे फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये बनायची. १९७०च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, पण आमच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, मागं पाटे. छताच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी वाहायला पन्हळ असे आणि लोखंडी कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत आवळून बसवत. म्हणजे सगळा भार पत्र्याच्या त्या काठावर! गाडीचंच वजन नऊशे किलोच्या आसपास. त्यावर आमची माणसं तांदळाची पोती, गाद्या, पिंपं, लग्नाची भांडी, जे हाताला येईल ते चढवायची.

माझा मामा टॅक्सी चालवायचा. १९८६च्या मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नाचं सामान वसईकडं पोचवायचं होतं. वर लोखंडी कपाट आडवं घातलं, त्यावर गाद्या. आत मागच्या सीटवर आत्या, मावशी आणि आम्ही तीन पोरं. मामानं दोरी दोनदा ओढून बघितली आणि दार लावायच्या आधी गाडी बाजूनं हातानं हलवली. ती बराच वेळ डुलत राहिली. मामा म्हणाला, "होरीत वझं तलाला जातं नं तुमी गारीच्या डोईवर चरवताव. आता गारी बोलंल तशी चालवायची."

कापूरबावडीपर्यंत काही वाटलं नाही. गायमुखच्या उतारावर मात्र गाडी बोलली. वळणावर ती बाहेरच्या अंगाला झुकली आणि वळण संपलं तरी लगेच सरळ होईना. उभा बांबू बुडाशी ढकलला तर हलत नाही, शेंड्याला ढकलला की आडवा होतो, तसंच हे. वझं जितकं उंच, तितकं ते वळणावर गाडीला जास्त ओढतं. त्यात समोरून ट्रक आला. मामानं ब्रेक जोरात दाबला नाही. जोरात दाबला असता तर गाडीनं नाक खाली घातलं असतं, मागची चाकं हलकी होऊन घसरली असती आणि कपाटानं दोरी तोडून पुढं झेप घेतली असती. त्यानं उतारावर आधीच खालचा गिअर टाकला होता. हळूहळू डावीकडं घेत तो थांबला. मावशीच्या हातातला नारळ तेवढा सुटला. ट्रक गेला, आणि खाडीवरून आलेल्या वाऱ्यानं गाडीला बाजूनं एक धक्का दिला, तो मला अजून पाठीत आठवतो.

परत येताना कॅरिअर रिकामं, तरी ते शिट्टी घालत होतं. मामा म्हणे, ही शिट्टी पेट्रोलची. खरंच आहे ते. वेग चाळीसचा ऐंशी केला की हवेचा अडथळा दुप्पट नव्हे, चौपट होतो, आणि छतावरचा सांगाडा त्यात भर घालतो. रिकामं कॅरिअर मिरवणारे आजही दिसतात; मला ते पैसेवाले वाटतात.

पुढं मुंबईच्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या. सिलिंडर डिकीत बसला, आणि उतारूंच्या बॅगांना छताशिवाय जागा उरली नाही. म्हणजे जे कॅरिअर अडीनडीला होतं ते रोजचं झालं. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतल्या फोटोंत मी आधी कॅरिअर शोधलं.

आता शेतं होती तिथं कोलशेतात टॉवर आहेत. त्यांच्या खालून गणपतीच्या आधी कोकणात जाणाऱ्या गाड्या निघतात, वर ताडपत्रीत बांधलेलं डोंगराएवढं सामान. छोट्या गाडीच्या पुस्तकात छतावर साधारण पन्नास ते पंचाहत्तर किलोच न्यायची मुभा असते, आणि बऱ्याचदा त्यात कॅरिअरचं वजनही धरलेलं असतं. पुस्तक डिकीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यात आत पाच माणसं. पोलादपूरच्या पुढं कशेडीचा जुना घाट अशा गाडीनं चढून-उतरून बघावा, म्हणजे धुरजड आणि उलाळ दोन्ही कळतात.

मागल्या वर्षी भाच्यानं नवी गाडी आणली. मामा ऐंशीच्या पुढं गेलाय, काठी टेकत खाली आला. गाडीभोवती एक फेरी मारली, दारापाशी उभा राहून छताच्या कडेवरून बोटं फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पन्हल कुठं हाय?" त्यानं विचारलं.