यकृताला मारलेली टिचकी

1819 साली पॅरिसमध्ये डॉ. रने लाएनेक यांनी शवविच्छेदनात दिसणाऱ्या गाठाळ, पिवळट यकृताला नाव दिलं ‘सिरॉसिस’. पिवळसर तपकिरी रंगाच्या ग्रीक शब्दावरून. हेच ते स्टेथोस्कोपवाले लाएनेक. नाव रंगावरून पडलं खरं, पण या आजाराची अस्सल खूण आहे कडकपणा. सतत इजा होत राहिली की यकृतात वण साचतात आणि मऊ अवयव घट्ट होत जातो.

डॉक्टरांच्या बोटांना हे माहीत होतं. उजव्या बरगड्यांखाली हात ठेवून ‘मोठा श्वास घ्या’ म्हणायचं आणि खाली सरकलेलं यकृत चाचपायचं. पण बोटांना कडकपणा लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. खात्री करायची तर सुईने तुकडा काढायचा. तो सबंध यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा. शितावरून भाताची परीक्षा इथे फसू शकते, कारण वण सगळीकडे सारखे नसतात.

1991 मध्ये अमेरिकेत जोनाथन ऑफिर यांच्या गटाने अल्ट्रासाउंडने ऊतींचा लवचिकपणा मोजण्याच्या तंत्राला ‘इलॅस्टोग्राफी’ हे नाव दिलं. 1995 मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी तेच एमआरआयने साधलं. यकृतापुरती वाट मात्र पुन्हा पॅरिसमधूनच निघाली. मातियास फिंक यांच्या प्रयोगशाळेतल्या कामातून लोराँ साँद्राँ आणि सहकाऱ्यांनी यकृताचा कडकपणा मोजणारं ‘फायब्रोस्कॅन’ यंत्र घडवलं, आणि यकृतावरचा त्यांचा शोधनिबंध 2003 मध्ये आला.

मला यातली टिचकी फार आवडते. रुग्ण उताणा, उजवा हात डोक्यामागे. बरगड्यांच्या फटीत जेल लावून प्रोब टेकवतात आणि बटण दाबताच त्वचेवर हलकी टिचकी बसते. तिची लाट यकृतात शिरते, आणि मागोमाग सोडलेला अल्ट्रासाउंड तिचा वेग टिपतो. मऊ यकृतात ती सेकंदाला मीटरभर सरकते, कडक यकृतात भरभर. वेग दुप्पट झाला की कडकपणा चौपट: तीन किलोपास्कलचे बारा. अशा दहा नोंदींमधला मधला आकडा धरतात. डॉक्टरच्या बोटांचं ज्ञान अखेर आकड्यात उतरलं, तेही सुईशिवाय. माझ्या मते यकृताच्या रुग्णांवर याहून मोठे उपकार थोड्याच यंत्रांनी केले असतील.

पण हा आकडा निव्वळ वणांचा नसतो. यकृताला सूज असली किंवा नुकतंच जेवण झालं असलं तरी तो चढतो. तेव्हा तपासणीआधी निदान तीन तास काही खाऊ नका, आणि आकडा पाहून घाबरण्याआधी तो डॉक्टरांना दाखवा.