हा मजूर कुणाचा?

फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ रात्री पपईचा ट्रक उलटला. पंधरा मजूर मेले. अशा वेळी कायदा विचारतो, हा मजूर कुणाचा? १९२३ च्या कायद्याने कामगाराच्या अपघाताची भरपाई मालकावर टाकली. १९३९ च्या मोटार कायद्याने विमा सक्तीचा केला. १९८२ साली चूक सिद्ध न करताही ठराविक भरपाई मिळू लागली. मात्र मालगाडीतील फुकट प्रवाशासाठी विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरविले. मजूर गाडीमालकाचा नोकर ठरला, तर विम्याचे संरक्षण. व्यापाऱ्याचा रोजंदार म्हटले, की कंपनी हात वर करते. टपावर झोपलेल्या माणसाजवळ पुरावा कुठला? त्याचे नाव कुठल्याच वहीत नसते. कार्यकर्त्यांनी गाडी भरतानाच हजेरीची चिठ्ठी मागितली पाहिजे.