जुन्या दोलनदर्शकांचा जीर्णोद्धार

धुळें म्हटलें म्हणजे इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण व्हावी, हें साहजिक आहे. वाळवी व ओल ह्यांच्या तोंडांतून जुनीं दप्तरें सोडविण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते धुळ्यासच निवर्तले, आणि पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. जुन्या कागदाचें मोल खानदेशानें असें ओळखलें. परंतु जुन्या यंत्रासही मोल असतें, हें अद्याप आपल्या अंगवळणीं पडलेलें नाहीं. ज्या यंत्राविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे, तो दोलनदर्शक, म्हणजे ऑसिलोस्कोप, आज प्रयोगशाळांच्या कपाटांतून निघून भंगारवाल्याच्या काट्यावर पत्र्याच्या व तांब्याच्या भावानें तोलला जातो.

विजेचा प्रवाह डोळ्यांस दिसत नाहीं. तो दिसावा म्हणून हें यंत्र निघालें. १८९७ सालीं स्ट्रासबुर्ग येथील अध्यापक कार्ल फर्डिनांड ब्राउन ह्यांनीं निर्वात नळींतून ऋणकिरणांचा झोत सोडून त्याचा चमकता ठिपका पडद्यावर पाडला, व प्रवाहाच्या प्रभावानें तो ठिपका हलतो असें दाखविलें. त्यास काळाच्या मापानें आडवें सरकविण्याची युक्ति लौकरच त्यांचे सहकारी झेनेक ह्यांनीं जोडली. ठिपका वर-खालीं जातो तो विजेच्या दाबानें, आडवा सरकतो तो काळाबरोबर. दोहोंच्या मेळानें जी रेषा उमटते ती त्या विजेचें हस्ताक्षरच होय. मोडी जाणणारा जसें अक्षराच्या वळणावरून लेखकास ओळखतो, तसें जाणता कारागीर ह्या रेषेच्या वळणावरून रेडिओंतील बिघाड ओळखतो.

दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या निमित्तानें असल्या नळ्यांची निपज अतोनात वाढली, आणि युद्ध संपतांच शिल्लक माल स्वस्तांत बाजारीं आला. १९४७ सालीं अमेरिकेंतील हीथ कंपनीनें अशा शिल्लक भागांच्या आधारें घरीं जोडावयाचा संच ३९ डॉलर ५० सेंटांस विकावयास काढला. त्याच वर्षीं टेक्ट्रॉनिक्स कंपनीनें बाजारांत आणलेल्या ५११ क्रमांकाच्या दोलनदर्शकाची किंमत ७९५ डॉलर होती. ह्या दोन आंकड्यांतील अंतर पाहिलें म्हणजे हौशी माणसानें नेहमीं टाकाऊ मालाकडेच कां वळावें, हें सांगावयास नको.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते, व ते सैल झाले १९९१ नंतर. ह्या काळांत ठाण्यास ॲप्लॅब व इंदुरास सायंटिफिक ह्या कंपन्यांनीं देशांतच दोलनदर्शक घडविले. मुंबई-आग्रा रस्त्यानें ठाण्याहून इंदुरास जावयाचें तर वाट धुळ्यावरूनच जाते. तेव्हां दोहों टोकांच्या ह्या कारागिरीमध्यें खानदेश वसलेला आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. पुढें अंकीय यंत्रें आलीं. तीं वजनानें हलकीं व स्मरणानें तल्लख. मग जुनीं यंत्रें निर्लेखित होऊन लिलावांत निघूं लागलीं.

हौशी मनुष्यानें असें यंत्र घेतांना प्रथम नळी पाहावी. पडद्यावर जळका डाग असेल किंवा ठिपका मंद व विसविशीत असेल, तर मोह आवरावा; कारण बाकीचे भाग मिळतात, पण तशीच दुसरी नळी मिळणें दुरापास्त. पुष्कळ दिवस पडून असलेलें यंत्र एकदम पूर्ण दाबाच्या विजेवर लावूं नये. आपले रेडिओ-दुरुस्तीवाले सिरीज लॅम्प लावतात, तोच मार्ग बरा: आंत कोठें दोष असला तर दिवा लख्ख पेटून चुगली करतो, व यंत्र जळत नाहीं. जळगांवच्या उन्हाळ्यांत विद्युत्-द्रवाचे कंडेन्सर लौकर सुकतात. ते बहुधा बदलावेच लागतात. धूळ पुसून, बटणांचे संपर्कबिंदु स्वच्छ करून, अखेर यंत्राच्याच चौकोनी लहरीवर माप जुळवावें.

एक इशारा मात्र ठासून दिला पाहिजे. साध्या यंत्रांतही नळीस सुमारें २००० व्होल्ट दाब लागतो, आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत तो कांहीं काळ दबा धरून बसतो. जमिनीची तार कापणें व एकट्यानें पेटी उघडून बसणें, हीं दोन्ही जिवावर बेतणारीं धाडसें आहेत. मुलाच्या हौसेस घरांतील वडीलधाऱ्यांनीं आडकाठी करूं नये. मात्र पहिल्या वेळीं जाणता माणूस शेजारीं असावा.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, नव्या यंत्राची पेटी उघडली तरी आंत काय चाललें आहे तें कळत नाहीं. जुन्या यंत्रांत प्रत्येक भागाचें काम डोळ्यांनीं पाहतां व बोटानें दाखवितां येतें. तें भंगारांत गेलें म्हणजे त्याबरोबर एक उघडी पाठशाळाच बंद होते. चाळीसगांवाजवळील पाटण येथें भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव ह्यानें मठ स्थापिला. तसें सांगणारा शके ११२८ चा शिलालेख तेथें आहे. त्या आचार्यांनीं आपल्या यंत्राध्यायांत नाना यंत्रें वर्णून श्रेष्ठ यंत्र म्हणून गौरविलें तें बुद्धीस. जुना दोलनदर्शक नीट करणारा मुलगा लोखंडी पेटी दुरुस्त करतो असें दिसतें खरें, पण ह्या उद्योगांत परजलें जातें तें हेंच दुसरें यंत्र.